रिग्रेट (इंग्रजी शब्द)

रिग्रेट हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला शब्द, नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. डिक्शनरीत समोर पश्चात्ताप लिहिलेलं असतं आणि आपण तेच धरून बसतो, पण बऱ्याचदा ते बसतच नाही. पश्चात्ताप स्वतःच्या हातून झालेल्या चुकीचा होतो, रिग्रेटला चूक लागतेच असं नाही. मित्राचा फोन वाजतोय, आपण कामात आहोत, नंतर करू म्हणून तो तसाच वाजू दिला आणि त्या रात्रीच तो गेल्याची बातमी आली, यात गुन्हा काहीच नाही तरी रुखरुख आयुष्यभर राहते. हे रिग्रेट. मराठीत यासाठी खंत, हळहळ, रुखरुख, चुटपुट असे कितीतरी शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही, चुटपुट दोन दिवसांत जाते, खंत घर करून राहते.

शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी आक्रोश करणं असा होता, म्हणजे मुळात यात अपराध नव्हताच, दुःख होतं.

अपराधाची टोचणी म्हणायची तर इंग्रजीत रिमोर्स आहे. तोही रिग्रेटसारखाच १४ व्या शतकात इंग्रजीत आला, मूळ लॅटिन, अर्थ उलटून चावणं. आपण म्हणतो ना, मन खातंय, अगदी तेच! शिक्षा ठरवताना आरोपीला रिमोर्स आहे का हे कोर्ट बघतं, नुसतं रिग्रेट तर पकडला गेलो म्हणूनही असू शकतं.

वापरताना एक गोष्ट नक्की सांभाळा. आय रिग्रेट सेइंग दॅट म्हणजे तसं बोललो याचं वाईट वाटतंय, आणि आय रिग्रेट टू से म्हणजे सांगायला वाईट वाटतंय पण सांगतोय, दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. रिग्रेटफुल माणूस असतो, रिग्रेटेबल घटना असते. निमंत्रणावर रिग्रेट्स ओन्ली लिहिलं असेल तर येणार नसाल तरच कळवायचं.

वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू हे नकाराच्या पत्रातलं ठरलेलं वाक्य, मराठीत कळविण्यास खेद होतो. इथे पश्चात्ताप लिहिलं तर सगळा अर्थच फिरतो, कारण खेदात चुकीची कबुली नसते. म्हणूनच एखाद्या सरकारने किंवा नेत्याने रिग्रेट व्यक्त केलं अशी बातमी असेल तर मराठीत माफी मागितली असं लिहू नये, त्यांनी माफी मागितलेली नसते.