चार तासांची तीन मिनिटं

कोणता देश किती गाड्या बनवतो याचे आलेख व्हॉट्सॲपवर फिरतात आणि खाली हटकून एक वाक्य असतं: जपान्यांच्या रक्तातच शिस्त आहे. हे वाचून मला राग येतो. १९५० साली अमेरिकेने ८० लाख वाहनं बनवली, जपानने जेमतेम ३० हजारांच्या आसपास. १९८० साली अमेरिका ८० लाखांवरच होती आणि जपान १ कोटी १० लाखांवर. तीस वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही.

तेल महागलं, छोट्या गाड्यांना मागणी आली, हे खरंच. पण आधीची तयारी प्रेस शॉपमध्ये झाली होती. दार, बॉनेट हे भाग प्रेस या यंत्रावर पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून घडवतात. दाराची डाय उतरवून बॉनेटची चढवेपर्यंत प्रेस बंद. टोयोटाच्या १००० टन दाबाच्या प्रेसवर या अदलाबदलीला चार तास लागत. समजा, मिनिटाला १० नग निघतात. १००० नगांना १०० मिनिटं, मग २४० मिनिटं प्रेस थंड. म्हणजे ७० टक्के वेळ फुकट. यावर जुना उपाय एकच: एकाच भागाचे ढीग काढून गोदामं भरायची. ज्याची बाजारपेठच लहान, त्याला ते परवडत नाही.

१९६९ साली शिगेओ शिंगो या जपानी औद्योगिक अभियंत्याने या कामाची उकल केली. प्रेस चालू असताना काय उरकता येईल? पुढची डाय आणणं, तपासणं, बोल्ट-पाने हाताशी ठेवणं. प्रेस थांबवूनच काय करावं लागेल? फक्त काढणं आणि बसवणं. ठोकळे लावून सगळ्या डाय एका उंचीच्या केल्या की स्ट्रोक, म्हणजे प्रेस किती खाली येते ते, दरवेळी नव्याने जुळवावं लागत नाही, डाय पकडून ठेवणारे क्लॅम्पही तेच चालतात. चार तासांची आधी ९० मिनिटं झाली, मग ३. आता त्याच १००० नगांमागे वाया जातो जेमतेम ३ टक्के वेळ. चाकणच्या प्रेस शॉपमधल्या कुणालाही विचारा, डाय बदलायचा वेळ तिथे आजही मोजला जातो.

अर्थात या युक्तीने सगळं साधत नाही. नव्या मॉडेलचं डिझाइन, चाचण्या, खुद्द डायची किंमत, हा खर्च पुरेशा गाड्यांवर विभागला गेलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियात वर्षाला साधारण १२ लाख गाड्या खपत, त्याही डझनावारी कंपन्यांच्या, आणि बहुतेक आयात केलेल्या. ऑक्टोबर २०१७मध्ये तिथलं मोटार उत्पादन संपलं. बंद झालेल्यांत मेलबर्नजवळचा टोयोटाचा कारखानाही होता.