आकडे टाइप करून मिळवलेला गेम

१९८३-८४ च्या सुमाराचं अमेरिकेतलं एखादं होम कॉम्प्युटरचं मासिक उघडलं तर त्यात कितीतरी पानं नुसत्या आकड्यांनी भरलेली असायची. बारीक टाइपात वरून खालपर्यंत १६९, १४१, ३२, २०८ असं काहीतरी, ना चित्र ना शब्द. आणि हाच गेम. म्हणजे गेमची माहिती वगैरे नाही, गेमच तो, कमोडोर ६४ या तेव्हाच्या होम कॉम्प्युटरसमोर बसून एकेक आकडा टाइप करायचा आणि शेवटी खेळायचं. डिस्क ड्राइव्ह महाग, घरात इंटरनेट नाही, त्यामुळे छापील कागद हाच सॉफ्टवेअर घरोघरी पोचवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता होता. बऱ्याच घरांत एकजण वाचणार आणि दुसरा टाइप करणार अशी जोडी बसायची.

आता कुणी म्हणेल की मशीन चालू केलं की बेसिक ही सोपी प्रोग्रामिंगची भाषा समोर यायचीच, मग गेम बेसिकमधेच का नाही लिहायचा? लिहायचे ना, पण ते हळू चालायचे. बेसिकचा इंटरप्रीटर, म्हणजे ती भाषा मशीनला समजावून देणारा दुभाषा, प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने वाचतो, अर्थ लावतो, मग काम करतो. कमोडोर ६४ वर नुसतं हजारपर्यंत मोजणारं रिकामं लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारं चक्र) घातलं तरी सेकंदाच्या वर वेळ जातो. तेच मोजणं प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे मशीन कोडमधे केलं तर एका फेरीला साधारण ५ टिक, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, लागतात, आणि हा प्रोसेसर सेकंदाला जवळपास १० लाख टिक देतो, म्हणजे काम सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपलं. पळणारं विमान, गोळ्या, स्फोट हे सगळं एकत्र हलवायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

एक खरा प्रोग्राम बघू, फक्त सहा आकड्यांचा: १६९, १, १४१, ३२, २०८, ९६.

१६९ म्हणजे "पुढचा आकडा उचल". पुढे आहे १. मग १४१, म्हणजे "हातातला आकडा अमुक पत्त्यावर ठेव", आणि तो पत्ता पुढच्या दोन आकड्यांत, धाकटा भाग आधी: ३२ अधिक २०८ गुणिले २५६, म्हणजे ५३२८०. मेमरीतली ही जागा स्क्रीनच्या किनारीचा रंग ठरवते आणि १ म्हणजे पांढरा. शेवटचा ९६ सांगतो, झालं काम, आता परत जा. किनार पांढरी! मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, कारण इथे आकडा, आज्ञा आणि पत्ता यांच्यात दिसायला काहीच फरक नाही, तोच १६९ एका जागी आज्ञा आणि दुसऱ्या जागी नुसती संख्या, कुठे आलाय त्यावर सगळं.

म्हणूनच एक चूक महागात पडायची. ३२ च्या जागी ३३ टाकलं तर पत्ता एकने सरकतो आणि किनारीऐवजी मधली पार्श्वभूमी पांढरी होते, हे तरी बरं. पण ९६ चं ६९ झालं तर परत जायची आज्ञाच गेली, प्रोसेसर पुढच्या मेमरीत जे काही पडलंय ते आज्ञा समजून पळत सुटतो आणि बहुतेक वेळा मशीन हँग. मग बंद करून चालू करा, आणि रॅम रिकामी, तीन तासांची मेहनत गेली. त्यामुळे पक्का नियम होता, चालवून बघायच्या आधी कॅसेटवर नाहीतर डिस्कवर सेव्ह करायचं.

सहा किलोबाइटचा प्रोग्राम म्हणजे सहा हजारांवर आकडे, त्यात चूक शोधणार कुठे? यावर १९८३ च्या डिसेंबरात कम्प्यूट! मासिकानं एमएलएक्स नावाचा प्रोग्राम छापला (तोही आधी टाइप करायचा, पण एकदाच). ओळीत सहा आकडे आणि सातवा पडताळणीचा. जुळला नाही तर मशीन आवाज करून तीच ओळ परत मागायचं.

पडताळणी कशी करायची यात खरी गंमत आहे. आपल्या सहा आकड्यांची साधी बेरीज ६४७. एखादा आकडा चुकला की बेरीज बदलते, चूक सापडली. पण १ आणि १४१ ची अदलाबदल झाली तर? बेरीज तीच, ६४७, आणि दमलेल्या हातांकडून अशी अदलाबदल खूप होते. मग प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेच्या नंबरने गुणून बेरीज करायची, बरोबर क्रमाला २३३८ येतात आणि अदलाबदल केली की २१९८, लगेच पकडलं जातं. आपल्या आधार नंबरचा शेवटचा आकडा हेच काम करतो, तिथली व्हरहूफ पद्धत जास्त कडक आहे, एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती हमखास पकडते.

आज हे करून बघायला जुनं मशीन लागत नाही, कमोडोर ६४ चा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. पोक (POKE, मेमरीच्या पत्त्यावर आकडा ठेवायची बेसिकची आज्ञा) वापरून ते सहा आकडे ४९१५२ या पत्त्यापासून ओळीनं भरा, मग सिस ४९१५२ (SYS, त्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवायची आज्ञा) टाइप करून रिटर्न दाबा. किनार पांढरी झाली की दुसऱ्या आकड्यात १ च्या जागी २ टाका आणि परत सिस करा, लाल होते. ७ टाकलं तर पिवळी.