प्रत्यय गळाले, प्रिपोझिशन्स उरली

'ही इज अँग्री ऑन मी' किंवा 'शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर' असं लिहिलं की मराठी मुलाच्या वहीत लाल शाई पडते. चूक कुठून आली ते उघड आहे. तो 'माझ्यावर' रागावला, म्हणून 'ऑन'. तिचं लग्न डॉक्टर'शी' झालं, म्हणून 'विथ'. मग इंग्रजीत इथे 'ऑन' का नाही आणि तिथे 'टू' का, असं विचारलं तर शिक्षक बहुधा 'ते तसंच असतं, पाठ कर' म्हणून मोकळे होतात. त्यांचंही फारसं चुकत नाही. यातलं बरंचसं तर्काने सुटत नाही, कारण ते तर्काने घडलेलंच नाही.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या इंग्रजापुढे ठेवली तर त्याला ती परकीच वाटेल. 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या माणसाला मात्र ओळखीची खूण पटेल. दगडासाठी तेव्हाचा शब्द 'स्टान'. दगडाचा म्हणायचं तर 'स्टानेस', दगडाला 'स्टाने', अनेक दगड 'स्टानास', दगडांचा 'स्टाना', दगडांना 'स्टानुम'. नावाचं वाक्याशी नातं काय, हे शब्दाच्या शेपटीवरून कळायचं. 'इन', 'ऑन', 'टू', 'फॉर', 'अंडर' हे शब्द तेव्हाही होते, पण ते एकट्याने काम करत नव्हते, पुढच्या नामाची ठरावीक विभक्ती त्यांना लागायची. 'इन'च्या पुढे चतुर्थीसारखं रूप आलं तर अर्थ 'आत असणे', द्वितीयेचं आलं तर 'आत जाणे'. आज तोच फरक दाखवायला 'इन' आणि 'इंटू' असे दोन शब्द लागतात. आपल्याकडे 'झाड' आणि 'खाली' नुसते शेजारी ठेवून भागत नाही, आधी 'झाडा' करावं लागतं. जुन्या इंग्रजीचा संसार साधारण असाच होता.

मग शेपट्या गळाल्या. नॉर्मन फ्रेंच 1066 साली इंग्लंडात आले आणि त्यांनी इंग्रजीची मोडतोड केली, ही समजूत लोकप्रिय आहे, पण झीज त्याआधीच लागली होती. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली, त्या कुळात जोर शब्दाच्या सुरुवातीला पडतो. शेवटचं अक्षर पुटपुटलं जातं, आणि शतकानुशतकं पुटपुटलेली अक्षरं शेवटी सगळी एकसारखीच ऐकू येतात. त्यातच 865 पासून डेन्मार्ककडच्या लोकांच्या फौजा उतरल्या आणि पुढे त्यातले बरेच उत्तर-पूर्वेला स्थायिक झाले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलत बहीण: धातू आणि नामं बरीचशी सारखी, प्रत्यय वेगळे. अशा शेजाऱ्यांशी बोलताना माणूस शब्दाचा पुढचा भाग नीट उच्चारतो आणि मागचा गिळतो. नॉर्मन आल्यावर कारभार आणि लेखन लॅटिन-फ्रेंचकडे गेलं, त्यामुळे जुनी रूपं कागदावर जपणारंही फारसं कुणी उरलं नाही. पीटरबरोच्या मठातली बखर 1154 पर्यंत लिहिली गेली. तिच्या अखेरच्या नोंदींत ही पडझड स्पष्ट दिसते.

प्रत्यय गेले तरी नाती सांगायची गरज गेली नव्हती. ती अर्धी शब्दक्रमाने भागवली, अर्धी प्रिपोझिशन्सनी. मूठभर शब्दांवर सगळ्या विभक्त्यांचा बोजा पडला. आज एका 'ऑफ'चे किंवा 'टू'चे कोशात पानभर अर्थ सापडतात ते त्यामुळेच.

या वाटणीत काहींचं नशीब पार पालटलं. 'ऑफ'चा मूळ अर्थ 'पासून, दूर'. 'चा, ची, चे' या अर्थाच्या फ्रेंच 'द'च्या (de) संगतीने त्याच्याकडे षष्ठीचं काम आलं, आणि 'दूर' हा मूळ अर्थ वाहायला त्याचंच ठासून उच्चारलेलं रूप वेगळं निघालं. स्पेलिंगमध्ये एक 'एफ' जास्त असलेलं 'ऑफ' ते हेच.

'विथ'ची गोष्ट तर मला सर्वांत आवडते. जुन्या इंग्रजीत 'विथ' म्हणजे 'विरुद्ध'. सोबत या अर्थी वेगळाच शब्द होता, 'मिड'. तो पुढे मेला, फक्त 'मिडवाइफ'मध्ये जिवंत राहिला: बाळंतिणीच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. 'विथ'ने त्याची जागा घेतली, पण जुना वैरभाव 'विथस्टँड'मध्ये आणि 'फाइट विथ'मध्ये अजून शिल्लक आहे. शत्रूशी लढलो आणि शत्रूसोबत लढलो हे दोन्ही एकाच शब्दात कसं, याचं नवल वाटण्याआधी आपला 'शी' आठवावा. 'त्याच्याशी भांडलो' आणि 'त्याच्याशी मैत्री केली' यात आपण कुठे फरक करतो?

'बाय'ला आज कर्मणी प्रयोगाचा मान आहे, पण तो उशिरा मिळाला. 1611 च्या इंग्रजी बायबलात येशूला सैतानाने मोह घातला तो 'ऑफ द डेव्हिल' आहे, 'बाय' नाही. 'डिपेंड' लॅटिनमधून आलं, तिथे त्याचा अर्थ 'पासून लोंबणे'. इंग्रजीत त्याला 'ऑन' चिकटलं, पण 'इंडिपेंडंट'ला 'ऑफ'च राहिलं. एकाच घरातले दोघे, दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडणारे. इथे नियम शोधत बसण्यात अर्थ नाही.

जुने शब्द पुरेनात तेव्हा नवे घडवले गेले, बहुतेक साध्या नामांपासून. 'डाउन'च्या मुळाशी 'डून' म्हणजे टेकडी आहे: 'टेकडीवरून' म्हणता म्हणता 'खाली' झालं. 'अमंग' म्हणजे घोळक्यात, 'बिटवीन'मध्ये 'दोन' लपलेत, 'इन्स्टेड' म्हणजे 'जागी'. 'अक्रॉस'मध्ये फ्रेंच क्रूस आहे आणि 'ड्युरिंग' हे 'टिकणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचं धातुसाधित. मराठीनेही हेच केलं. 'मध्ये' आणि 'विषयी' ही मुळात संस्कृत नामांची सप्तमी. 'बद्दल', 'ऐवजी', 'खेरीज' हे अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि अव्ययं होऊन बसले. संस्कृतच्या विभक्त्या प्राकृतात झिजल्यावर आपणही नवी डागडुजी केली. फरक इतकाच, की इंग्रजीने ठिगळ पुढून लावलं, आपण मागून.

कधी कधी प्रिपोझिशनही झिजून दिसेनासं होतं. 'अलाइव्ह' आणि 'अस्लीप'मधला 'अ' हा मुळात 'ऑन' आहे. 'ट्वाइस अ डे'मधला 'अ'सुद्धा तोच, शाळेत त्याला आर्टिकल म्हणून शिकवतात ती गोष्ट वेगळी.

एवढ्या खटाटोपानंतर सतराव्या शतकात एक कृत्रिम भांडण सुरू झालं. जॉन ड्रायडन या कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सन या आधीच्या नाटककाराच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ 'फ्रॉम'वर संपत होती. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन हा दोष, असं त्याचं म्हणणं. आपल्याही लिखाणात तो असल्याचं त्याने कबूल केलं, आणि 1684 मध्ये स्वतःचा जुना निबंध पुन्हा छापताना अशी वाक्यं फिरवून घेतली. नमुना अर्थात लॅटिनचा. 'प्रिपोझिशन' म्हणजे 'पुढे ठेवलेलं', तर ते मागे कसं जाईल? पण इंग्रजी बोलणारे शतकानुशतकं ते मागे ठेवत आले होते.

1762 मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मगुरूने आपल्या व्याकरणात या सवयीबद्दल लिहिलं: 'धिस इज ॲन इडियम, विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू.' वाक्य 'टू'वरच संपतं. लोथ गंमत करत होता असं मला ठामपणे वाटतं. बोलण्यात आणि घरगुती लिखाणात हे चालतं, गंभीर शैलीत पुढे ठेवलेलं अधिक शोभतं, एवढंच त्याचं मत होतं. 1795 मध्ये लिंडले मरेने ते वाक्य आपल्या व्याकरणात घेतलं, तेव्हा 'टू' उचलून 'विच'च्या आधी नेऊन ठेवलं. गंमत गेली, आणि मरेचं पुस्तक शाळाशाळांत पोचलं. 1926 मध्ये फाउलर या इंग्रज कोशकाराने या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं, तरी तो अजून पुरता मेलेला नाही.

मराठी मुलाकडून हा 'दोष' सहसा घडत नाही. त्याची अडचण उलटी आहे. 'मी बसलो होतो ती खुर्ची' हे निर्दोष मराठी, आणि त्यात 'वर' कुठेच नाही. म्हणून तो 'द चेअर आय सॅट' लिहितो आणि थांबतो. शेवटचं 'ऑन' लाल शाईने येतं.