बूट होताना लागणारं विरजण

सुरू होताना संगणक अगदी ठरल्याप्रमाणे चालतो: तेच प्रोग्रॅम, त्याच क्रमाने. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्याकडून कुणालाही अंदाज येणार नाही असे आकडे हवे असतात, कारण गुप्त चाव्या त्यांतूनच बनतात.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९९४ साली प्रोग्रॅमर थिओडोर त्सो यांनी असे आकडे बनवायची सोय केली. कीबोर्डच्या दोन कळांमधला वेळ, माऊसची हालचाल, डिस्कचे संकेत हे सगळं गोळा करायचं आणि घुसळायचं. घरच्या संगणकाला ते पुरे. राउटरला मात्र ना कीबोर्ड, ना माऊस.

याची किंमत २०१२ मध्ये कळली. संशोधक नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या चाव्या गोळा केल्या. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीतल्या चावीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो. एकाच जातीची दोन उपकरणं सुरू होताना सारख्याच अवस्थेत असली, की पहिली मूळ संख्या दोघांची एकच निघते. दुसरी निघेपर्यंत घड्याळ थोडं पुढे सरकतं आणि ती वेगळी येते. मग दोन्ही गुणाकारांचा मसावि काढायचा, बस्स. शाळेत शिकलेला मसावि! टीएलएस (वेबवरचा संवाद सुरक्षित ठेवणारी पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी चाव्या अशा बाहेर काढता आल्या. मला आजही हे वाचताना धस्स होतं.

उपाय जुनाच होता, विरजणाचा. बंद होताना थोडे आकडे, म्हणजे बीज, फाइलीत राखायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच लावायचे. पण पहिल्या दिवशी विरजण कुठून आणणार? शिवाय फाइल वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि आमच्या रावेर-यावलकडे टिश्यू कल्चरची केळी लावतात, सगळी रोपं एकाच वाणाची, हुबेहूब. तशी एका डिस्कची नक्कल वीस संगणकांवर टाकली, तर विसांनाही तेच बीज.

म्हणून नजर खाली, फर्मवेअरकडे, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या आणि सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेली. यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकाच्या २०१३ च्या २.४ आवृत्तीत असे आकडे मागायची ठरावीक पद्धत आली. बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ते घेतो आणि कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या हाती देतो, डिस्क उघडण्याआधीच. २०१९ मध्ये सिस्टमडी-बूट या लिनक्सच्या बूटलोडरने बीजाच्या फाइलीला फर्मवेअरमध्ये ठेवलेल्या टोकनची, म्हणजे त्या यंत्रापुरत्या गुप्त आकड्याची जोड दिली. हे टोकन डिस्कवर नसतं, म्हणून नकलेबरोबर जात नाही. बीज वापरण्याआधी नवं बीज डिस्कवर लिहिलं जातं. मला ही काळजी फार मोलाची वाटते.

फर्मवेअरवर आंधळा विश्वास मात्र नको. कर्नल त्याचे आकडे इतर स्रोतांत मिसळतो. एक स्रोत कच्चा निघाला तरी बाकीचे सांभाळतात.

जळगावात लॅब उभी करताना मी नक्कल काढण्याआधी मूळ डिस्कवरची बीजाची फाइल आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायच्या सोयीच्या) चाव्या दोन्ही पुसून टाकतो.