रक्तस्रावजन्य शॉकमधील द्रवोपचार

खूप रक्त गेल्यामुळे शरीरातील पेशींना प्राणवायू पुरेनासा होतो, या अवस्थेला रक्तस्रावजन्य शॉक म्हणतात. अशा रोग्याला शिरेवाटे कोणता द्रव, किती आणि केव्हा द्यायचा, हा या नोंदीचा विषय. सत्तर किलो वजनाच्या माणसात सुमारे 5 लिटर रक्त असते. त्यातले 750 मिलिलिटरपर्यंत गेले तर शरीर निभावून नेते. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब ढासळू लागतो. त्याआधीच नाडी जलद चालते, हातपाय गार पडतात, बोटाचे नख दाबून सोडले तर लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तरुणांचा दाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून केवळ दाबाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे.

इंदुरात हिंदीच्या शेजाराने मराठी घरांतही ‘बाटली चढवली का?’ असेच विचारतात. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा अपघात असो की बाळंतपणातला रक्तस्राव, नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच, आणि मनात असते ती ग्लुकोजची बाटली. ग्लुकोजने ताकद येते ही समजूत फार खोल रुजलेली आहे. पण 5 टक्के ग्लुकोजमधली साखर पेशी वापरून टाकतात आणि उरते नुसते पाणी. ते शरीरभर, पेशींच्या आतही झिरपते. लिटरभरातले शंभर मिलिलिटरही रक्तवाहिन्यांत राहत नाही. शॉकमध्ये ही बाटली निरुपयोगी आहे.

खरी निवड असते ती नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट (आर.एल.) यांत. सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असते, म्हणजे सोडियम व क्लोराइड प्रत्येकी 154 मिलिमोल. हे क्लोराइड रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त असल्याने सलाईन लिटरामागून लिटर दिले की रक्ताची आम्लता वाढते, आणि शॉकमध्ये ती आधीच वाढलेली असते. आर.एल.मध्ये क्लोराइड 109 च्या आसपास. त्यातल्या लॅक्टेटचे यकृत बायकार्बोनेट करते, त्यामुळे ‘लॅक्टेटने आम्लता वाढेल’ ही भीती सहसा निराधार. म्हणून बहुतेक जखमींना आर.एल. बरे. डोक्याला मार असेल तर मात्र सलाईन, कारण आर.एल. किंचित पातळ असल्याने मेंदूची सूज वाढू शकते. रक्ताच्या पिशवीच्या नळीतही सलाईनच चालवतात, आर.एल.मधल्या कॅल्शियममुळे नळीत गुठळ्या होण्याची शक्यता असते.

मोठ्या रेणूंचे द्रव रक्तवाहिन्यांत जास्त वेळ टिकतात, या आशेने स्टार्च व जिलेटिन बराच काळ वापरले गेले. स्टार्चमुळे मूत्रपिंडांना इजा होते असे दिसले आणि युरोपीय संघाने 2022 मध्ये त्याच्या विक्रीला स्थगिती दिली. अल्ब्युमिन (रक्तातलेच एक प्रथिन) महाग. 2004 मध्ये सुमारे 7,000 अतिदक्षता रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ते सलाईनहून सरस ठरले नाही.

द्रव कोणता यापेक्षाही तो किती, हा प्रश्न मोठा आहे. दिलेल्या सलाईनचा किंवा आर.एल.चा तासाभरात जेमतेम चौथा हिस्सा वाहिन्यांत उरतो. म्हणून पूर्वी गेलेल्या रक्ताच्या तिप्पट द्रव द्यावा असे शिकवत. पण त्याने दाब वाढतो, नुकतीच धरलेली गुठळी सुटते, गोठवणारे घटक विरळ होतात आणि अंग गार पडते. ह्यूस्टन येथे छाती-पोटात भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या 598 जणांवर अभ्यास झाला (1994). शस्त्रक्रियेपर्यंत द्रव रोखून धरलेल्यांपैकी 70 टक्के वाचले, लगेच द्रव दिलेल्यांपैकी 62 टक्के. आज प्रौढांना सुरुवातीला एक लिटरपर्यंतच कोमट द्रव देतात आणि रक्त थांबेपर्यंत वरचा दाब 80 ते 90 वर राखतात. डोक्याला मार असल्यास तो याहून वर ठेवावा लागतो.

गेलेल्याची भरपाई रक्तच करते, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी नसतात. तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स साधारण सारख्या प्रमाणात देतात. पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून कॅल्शियम वेगळे द्यावे लागते. धरलेली गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल दुखापतीनंतर 3 तासांच्या आत द्यायला हवे: 1 ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचे 1 ग्रॅम आठ तासांत. हे औषध स्वस्त आहे आणि लहान दवाखान्यांतही ठेवता येते. ते नसणे अक्षम्य आहे.

सुईची जाडीही निर्णायक ठरते. शिरेत बसवायच्या नळीला कॅन्युला म्हणतात; क्रमांक लहान तितकी ती जाड. हिरव्या रंगाच्या 18 क्रमांकाच्या कॅन्युलापेक्षा करड्या रंगाच्या 16 क्रमांकाच्या कॅन्युलातून द्रव जवळजवळ दुप्पट वेगाने जातो. निळ्या बारीक सुईतून बाटली हाताने कितीही पिळली तरी फारसे साधत नाही. दोन्ही हातांना एकेक जाड कॅन्युला लावतात आणि पहिली लावतानाच रक्तगटाचा नमुना काढतात. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, लोकांच्या तोंडच्या ‘एम.वाय.’मध्ये, काय किंवा मानपूरच्या घाटाजवळच्या लहान केंद्रात काय, क्रम हाच. क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचे रक्त रोग्याच्या रक्ताशी जुळते का हे तपासायला, पाऊण तास लागू शकतो. तोवर थांबण्याजोगी स्थिती नसेल तर ओ गटाचे रक्त देतात, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ओ निगेटिव्ह. नमुन्याच्या नळीवर रोग्याचे नाव खाटेशीच, तिथल्या तिथे लिहायचे असते.