उद्यम नोंदणीने व्यवसायाचे नाव सुरक्षित होते का?

चित्रकार, कुंभारकाम करणारे आणि दागिने घडवणारे कलाकार व्यवसाय सुरू करताना एक समजूत हमखास बाळगतात: उद्यम नोंदणी झाली, इन्स्टाग्रामवर खाते उघडले, की ते नाव आपलेच झाले. ही समजूत चुकीची आहे. उद्यम नोंदणीमुळे व्यवसायाला सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारी ओळख मिळते. नावावरचा हक्क मात्र ट्रेडमार्क कायदा, 1999 ठरवतो.

ट्रेडमार्कची, म्हणजे व्यापारचिन्हाची, नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते. चित्रे वर्ग 16 मध्ये, दागिने 14 मध्ये आणि सिरॅमिकची भांडी 21 मध्ये येतात, त्यामुळे केवळ चित्रांसाठी नोंदवलेले नाव दागिन्यांना आपोआप लागू होत नाही. नोंदणी 10 वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी नसतानाही टीएम हे चिन्ह लावता येते. वर्तुळातील आर मात्र नोंदणीपूर्वी वापरणे गुन्हा आहे, आणि ही चूक अनेकांच्या लेबलांवर दिसते.

नोंदणी नसलेला कलाकार अगदीच निराधार नसतो. याच कायद्याचे कलम 34 आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते, परंतु तो वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून पहिल्या प्रदर्शनाची पत्रिका आणि तारखेसह बिले जपून ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.