‘मला चालत नाही’: ही पसंती की अट?

आमची टीम अर्धी इंदूरला, अर्धी पुण्याला. इथे इंदूरला नव्याने आलेल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर लिहिलं, ‘मला अचानक आलेला फोन चालत नाही, आधी मेसेज करा.’ पुढे दोन महिने तिला कुणी फोनच केला नाही. एका रात्री सर्व्हर बंद पडला, तेव्हासुद्धा आम्ही मेसेजवर मेसेज टाकत राहिलो आणि ती गाढ झोपेत. सकाळी आमच्यावरच वैतागली, ‘अहो, एवढं झालं होतं तर फोन करायचा ना!’

तिने पसंती सांगितली होती, आम्हाला ती अट वाटली.

दोष तिचा नाही, थोडा ‘चालत नाही’ या शब्दांचा आहे. ‘पोह्यांवर जिरावण (इंदुरी मसाल्याची पूड) मला चालत नाही’ ही जिभेची आवड. कुणी भुरभुरलंच तर इंदूरचा माणूस काय, पुण्याचाही खाऊन टाकतो. ‘उपासाला पोहे चालत नाहीत’ हा मात्र नियम, तिथे घासाघीस नाही. शब्द तेच. म्हणून मी एकच विचारतो: मोडलं तर काय होईल? कपाळावर नुसती आठी पडणार असेल तर पसंती. काम अडणार असेल किंवा माणसाला त्रास होणार असेल तर अट.

उलटा घोटाळा जास्त वाईट. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. ते संकोचाने म्हणायचे, ‘जमलं तर लिहून पाठवा.’ जमलं तर! मग कुणालाच जमलं नाही, आणि आकडे चुकले की बोल त्यांना. ती सरळ अट होती, भिडेपोटी पसंतीच्या कपड्यात आलेली. रंगपंचमीचंही तसंच. त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, निम्मं शहर रंगात असतं. ‘शक्यतो मीटिंग नको’ असं पुण्याला कळवण्यात अर्थ नाही. ‘नाही’ म्हणावं.

आपल्याशी कसं बोलावं हे एका पानावर लिहून टीमला द्यायची पद्धत बाहेरून आली. नॉर्वेच्या क्वेस्टबॅक कंपनीतले इवार क्रोगरुड यांनी २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत आपल्या अशाच एका पानी ‘युजर मॅन्युअल’बद्दल सांगितलं होतं. कल्पना चांगली आहे, फक्त आपल्याकडे साहेबाची पसंती खालपर्यंत पोचता पोचता हुकूम होते. तेव्हा साहेबांनी तरी कुठली ओळ मोडली तर चालेल, ते लिहून टाकावं.

अर्थात सगळंच पानावर मावत नाही. इंदुरी हिंदीत मी एकदा म्हटलं, ‘अपन देख लेंगे’, म्हणजे आम्ही बघतो. पुण्याच्या मुलाने त्यात आदरार्थी ‘आपण’ ऐकलं, म्हणजे तुम्ही बघा. रिपोर्ट दोन दिवस कुणीच बघितला नाही. यात ना पसंती होती, ना अट. तरी बोलाचाली झाली ती ‘तुला नीट सांगितलेलं कळत नाही’ इथपर्यंत.

त्या मुलीने आता आपली ओळ बदलली आहे: ‘एरवी मेसेज. सर्व्हर पडला तर रात्री दोनलाही फोन, उचलला नाही तर पुन्हा करा.’